मदत हवी आहे: कारमायकलच्या वहीतलं जात्याचं गाणं कसं शोधू?

जात्यावरच्या ओव्यांवर लेख लिहितेय. तुलनेसाठी स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरचं, जात्यावर म्हणायचं एक गेलिक (तिथली स्थानिक भाषा) गाणं घेतलंय. लोकगीतं गोळा करणाऱ्या अलेक्झांडर कारमायकलने ते 'कार्मिना गाडेलिका' या आपल्या संग्रहात (१९००) छापलं, शेजारी इंग्लिश भाषांतरासह. मात्र छापताना तो ऐकलेल्या ओळींवर बराच हात फिरवायचा, असा अभ्यासकांचा जुना आक्षेप आहे. (आपल्याकडेही ओव्या 'शुद्ध' करून छापणारे काही कमी नव्हते!) म्हणून छापील पाठावर विसंबायचं नाहीये, मूळ टिपण बघायचंय.

त्याच्या वह्या एडिंबरा विद्यापीठाच्या ग्रंथालयात, कारमायकल-वॉटसन संग्रहात आहेत. ऑनलाइन सूचीत 'ब्राहन', म्हणजे जातं, हा गेलिक शब्द टाकून पाहिला. पण समोर आलेली नोंद गाणं ऐकताना केलेली आहे की नंतरची सुवाच्य प्रत, हे मला ठरवता येत नाही. गेलिक येत नाही, इंग्लिश चालेल. एडिंबऱ्याला जाणं शक्य नाही. पूर्ण वही नको, त्या गाण्याचं पान पुरे.

अशा संग्रहांत काम केलेलं कुणी आहे का? छापील गाण्यावरून वहीचा क्रमांक आणि पान कसं गाठायचं, आणि स्कॅन मागताना ग्रंथालयाला नेमकं काय कळवायचं?