विमान उशिरा पोचलं तर ठरलेली भरपाई मिळायलाच हवी

शेवटचं_गेट:
गेल्या महिन्यात आईला घेऊन युरोपातून परत येत होतो. एकच पीएनआर, मध्ये युरोपातच विमान बदलायचं होतं. पहिलं विमान दोन तास चाळीस मिनिटं उशिरा पोचलं, तोवर पुढचं सुटलं होतं. ठरल्या वेळेनंतर तब्बल अकरा तासांनी घरी पोचलो. आईचं वय चौऱ्याहत्तर, व्हीलचेअर लागते. रात्रभर ती गेटपाशी खुर्चीत बसून होती. खायला हवंय का, आडवं व्हायला कुठे सोय आहे का, कोणी विचारायला आलं नाही.

भरपाई मागितली तर कंपनीचं उत्तर आलं: पहिल्या विमानाचा उशीर तीन तासांपेक्षा कमी, म्हणून काहीही देणं लागत नाही, सदिच्छा म्हणून व्हाउचर घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. उशिराची रक्कम आधीच ठरलेली असावी आणि प्रवाशाने न मागता खात्यात जमा व्हावी. कंपनीकडे माझं नाव, फोन, कार्ड सगळं असतं. मी तिकिटात बदल केला की दंड त्याच क्षणी कापला जातो. मग पैसे परत येताना मलाच अर्ज का करावा लागतो?

कागदपत्री:
व्हाउचर अजिबात स्वीकारू नका. युरोपीय संघाच्या 2004 च्या 261 क्रमांकाच्या नियमाखाली उशीर मोजतात तो शेवटच्या मुक्कामाला पोचल्यावर. एकाच बुकिंगवरच्या कनेक्टिंग प्रवासाबद्दल तिथल्या न्यायालयाने 2013 मध्ये हे स्पष्ट केलंय. तुमचे अकरा तास धरायचे, दोन चाळीस नाही. अंतर 3,500 किलोमीटरच्या वर असेल तर माणशी 600 युरो. आईचे वेगळे मागा.

उशीर नेमका कधी संपला यावरही वाद झालाय. एका खटल्यात विमान 2 तास 58 मिनिटं उशिरा टेकलं आणि 3 तास 3 मिनिटं उशिरा जागेवर उभं राहिलं. 2014 मध्ये न्यायालय म्हणालं, दार उघडून प्रवाशांना उतरायची मुभा मिळते ती पोचण्याची वेळ. पुढच्या वेळी दार उघडताच घड्याळाचा फोटो काढून ठेवा.

हँगरवाला:
विमान कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये एकोणीस वर्षं काढली आहेत, म्हणून उलट बाजू मांडतो. तुमच्या आईंना रात्रभर खुर्चीत बसवलं हे चूकच, त्याचं समर्थन नाही. पण ठरलेल्या रकमेला माझा विरोध आहे. एक विमान दिवसाला चार-पाच फेऱ्या करतं. सकाळी एका ठिकाणी दाट धुकं पडलं की संध्याकाळची फेरी दुसऱ्याच शहरात लटकते. तोवर क्रूचे ड्यूटीचे तास संपतात, नवा क्रू आणावा लागतो. त्या संध्याकाळच्या प्रवाशाला आकाश निरभ्र दिसतं आणि त्याला वाटतं कंपनी खोटं बोलतेय.

आणि मूळ नियमात उशिरासाठी रोख भरपाई लिहिलेलीच नव्हती. ती रद्द उड्डाणासाठी होती. 2009 मध्ये न्यायालयाने तीन तासांच्या उशिरालाही ती लावली. शिवाय इंजिनिअरला उड्डाणाआधी काही खटकलं तर त्याच्या मनात पैशाचा विचार यायलाच नको. कॅनडाच्या नियमात सुरक्षेसाठी झालेल्या उशिराला रोख भरपाई नाही, ते मला योग्य वाटतं.

शेवटचं_गेट:
मग प्रत्येक बिघाड ‘सुरक्षेचं कारण’ म्हणून कळवला जाईल! विमानात सुरक्षेशी संबंध नसलेला भाग कोणता? आणि भरपाई इंजिनिअरच्या खिशातून जात नाही.

कागदपत्री:
युरोपात ही रेषा बऱ्यापैकी आखलेली आहे. देखभालीत सापडणारा तांत्रिक बिघाड हा कंपनीच्या रोजच्या कामाचाच भाग, असं 2008 चा निकाल सांगतो. पक्षी धडकला तर ती असाधारण परिस्थिती, म्हणजे भरपाईतून सूट मिळू शकते, हे 2017 मध्ये ठरलं. धुकंही कंपनीच्या हातात नाही. हँगरवाला, तुमची धुक्याची फेरी भरपाईतून बहुतेक सुटेल. बिघाडाची सुटणार नाही, आणि सुटूही नये.

तिकीटवही:
मला हँगरवाल्यांचं पटतं, पण कारण वेगळं. चाळीस युरोच्या तिकिटाला अडीचशे युरो भरपाई, हा हिशेब कुठून जुळायचा? शेवटी ते सगळ्यांच्या भाड्यात चढणार. ज्याचं खरंच नुकसान झालं त्याला ते मिळावं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईचा 1999 चा माँट्रियल करार आहेच.

कागदपत्री:
करार आहे, पण तो वापरून बघा. 28 डिसेंबर 2024 पासून उशिरासाठी माणशी कमाल 6,303 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), ऐकायला भरघोस. मात्र नुकसान प्रवाशाने सिद्ध करायचं, तेही दोन वर्षांत दावा लावून. शक्य ते सगळं केलं हे कंपनीने दाखवलं की ती सुटते. बुडालेल्या हॉटेल बुकिंगची पावती दाखवता येते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने खुर्चीत काढलेल्या रात्रीची पावती कुठून आणायची? वेळ सगळ्यांचाच जातो, म्हणून रक्कम ठरलेली.

रेवा_म:
तुम्ही सगळे पैशांवर अडलाय. मला त्या रात्री 600 युरो नकोत, पलंग हवा, गरम जेवण हवं आणि खरं सांगणारा माणूस हवा. आइसलँडच्या ज्वालामुखीमुळे 2010 मध्ये उड्डाणं बंद पडली, त्यावर 2013 मध्ये निकाल आला: भरपाई देणं नसलं तरी जेवण आणि राहण्याची जबाबदारी संपत नाही, कितीही दिवस लागोत. भारतातल्या नियमात नुसत्या उशिरासाठी रोख रक्कम नाही, पण थांबलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं द्यावंच लागतं. आधी हे तरी कडक पाळायला लावा.

शेवटचं_गेट:
रेवा, पैसे जाणार म्हटल्यावरच पलंगाची आठवण होते, असा माझा अनुभव.

हँगरवाला:
तीन तासांची अट तरी बदला. तेवढ्यात दुसरं विमान आणणं अनेकदा जमत नाही, म्हणून चारची मर्यादा मला रास्त वाटते. जून 2025 मध्ये युरोपातल्या परिवहन मंत्र्यांनी जवळच्या प्रवासाला चार आणि लांबच्या प्रवासाला सहा तास असा प्रस्ताव मान्य केला होता. पण आपोआप जमा करण्याच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने येतो. उशीर किती आणि कशामुळे, हे आमच्या नोंदीत त्याच दिवशी असतं. प्रवाशाला दोन महिने पत्रं लिहायला लावायचं काहीच कारण नाही. तुमच्या उत्तरात उशिराचं कारण लिहिलंय का?

शेवटचं_गेट:
नाही, फक्त दोन चाळीसचा आकडा. आज दोन स्वतंत्र अर्ज पाठवतो, एक माझा, एक आईचा, आणि कारण लेखी मागतो. दोघांचेही बोर्डिंग पास जपून ठेवलेत. उत्तर आलं की इथे टाकतो.