मदत हवी आहे: यज्दच्या फोटोंखाली लिहायला मराठी शब्द सुचवा

नमस्कार मंडळी,

२०१९ च्या नोव्हेंबरात आम्ही कॉलेजपासूनचे चार मित्रमैत्रिणी इराणमधल्या यज्द शहरात पाच दिवस पायी भटकलो. त्या फोटोंचं छोटं प्रदर्शन दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावच्या वाचनालयात लावायचं ठरलंय. फोटो निवडून झाले, छापूनही आले. गाडी अडली आहे ती फोटोंखालच्या ओळींपाशी. वाचनालयाच्या काकांचं म्हणणं, मजकूर सहावीतल्या मुलालाही कळला पाहिजे. मला ते मनापासून पटलंय, म्हणून फारसी शब्द नुसते ठेवून द्यायचे नाहीत.

यज्द वाळवंटाच्या कडेला वसलंय. जुनं शहर सगळं कच्च्या विटांचं, वर भुसा कालवलेल्या चिखलाचा गिलावा. सकाळचं ऊन तिरपं पडलं की भिंतीतली एकेक काडी चमकते, हात फिरवला तर बोटांना टोचते. २०१७ साली हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. फहादान मोहल्ल्यात शिरलो आणि तासाभरात मोबाइलवरच्या नकाशाने हात टेकले. मग आम्ही सावली धरून चालायला लागलो. तिथे गल्लीवर मधे मधे कमानी टाकून छत केलेलं असतं, त्याला ‘साबात’ म्हणतात. खाली सावली मिळते आणि दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींना धरून राहतात. याला मराठीत काय म्हणू? ‘बोळ’ म्हटलं तर छत हरवतं, ‘छत्ता’ म्हटलं तर हिंदी वाटतं.

दुसरा फोटो एका जुन्या दाराचा. दारावर ठोठावायला दोन वेगळ्या वस्तू असतात, बायकांसाठी कडी आणि पुरुषांसाठी जाड लोखंडी दांडा. आवाजावरून आतल्यांना कळायचं, दार कुणी उघडायचं ते. आम्ही बघत उभे होतो, तर रोट्या घेऊन चाललेल्या एक आजी थांबल्या. माझ्या मैत्रिणीचा हात धरून त्यांनी कडीवर ठेवला आणि वाजवायला लावली. बारीक किणकिण झाली. मग मला दांड्याकडे बोट दाखवलं. दण्ण! आजी इतक्या खुशीत हसल्या की तो फोटो हललेला असूनही मी घेतलाय. दाराच्या आत अष्टकोनी जागा असते, ‘हश्ती’. रस्त्यावरून थेट चौक दिसू नये म्हणून तिथून वाट वळते. तिला ‘देवडी’ म्हटलेलं चालेल ना?

खरी अडचण कनातीची. ही तंबूची कनात नव्हे, जमिनीखालून पाणी आणायची तिथली सोय. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून भूगर्भातलं पाणी गाठायचं आणि अगदी हलक्या उताराच्या बोगद्यातून ते कोसच्या कोस गावापर्यंत आणायचं. पंप नाही, काही नाही. बोगद्यावर ओळीने उभी भोकं असतात, माती काढायला आणि आत हवा जायला. जामे मशिदीच्या अंगणातून पायऱ्या थेट खाली या पाण्यापर्यंत उतरतात, त्या जागेला ‘पायाब’ म्हणतात. वर घसा कोरडा पडलेला, आणि खाली पायरीगणिक गारवा चढत जातो. पाणी संग्रहालयात कनात खणणाऱ्यांचे पांढरे कपडे पाहिले. आत माती कोसळून माणूस गेला तर तेच त्याचं कफन. तिथून बाहेर पडल्यावर आम्ही चौघं बराच वेळ बोललो नाही.

तर त्या उभ्या भोकांना आणि पायाबाला शब्द हवेत. ‘बारव’ सुचते, पण बारवेतलं पाणी थांबलेलं असतं, हे वाहतं.

एकाच फोटोची ओळ लगेच लिहून झाली, आतश बेहरामची, म्हणजे तिथल्या अग्यारीची. ती इमारत १९३४ सालची, मुंबईच्या पारशांच्या मदतीने उभी राहिलेली. तिथला अग्नी इसवी सन ४७० पासून तेवत असल्याची परंपरा आहे. अग्यारी आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे समजावत बसावं लागलं नाही.

छपाईला द्यायला आठ दिवस आहेत. कृपया सुचवा.

प्रतिसाद १

दादा, उभ्या भोकांना पुण्यात शब्द आहे की! नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, त्या दगडी नळावरच्या उभ्या बांधकामांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. नळाने श्वास सोडायची जागा. मुलांना एका वाक्यात कळेल. देवडी अगदी बरोबर आहे, वाड्यांत तिचं कामही हेच. फक्त एक सांगा, कात्रजचं पाणी तलावातलं आहे, कनातीचं भूगर्भातलं. तो फरक ओळीत यायला हवा.

प्रतिसाद २

बऱ्हाणपूरला जाऊन या. जळगावहून लांब नाही. तिथला कुंडी भंडारा जहांगीरच्या काळातला, त्याचा सरदार खानखाना याच्या वेळचा, आणि तो खराच कनातीच्या जातीचा आहे. सातपुड्यातून झिरपलेलं पाणी बोगद्यातून येतं, वर ओळीने विहिरी. तिथे प्रत्येक विहिरीला ‘कुंडी’ म्हणतात. पायाबासाठी नवा शब्द कशाला शोधता? ‘वाहत्या पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या’ एवढंच लिहा.

धागाकर्ता

ताई, ‘उच्छ्वास’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय आणि तरी डोक्यात आला नाही. तोच घेतो. दादा, बऱ्हाणपूरचं माहीतच नव्हतं, एक ओळ त्याचीही घालतो आणि पायाबाचं तुमचं वाक्य जसंच्या तसं उचलतो. आत्ता लिहिलेली ओळ अशी: ‘कनात: भूगर्भातलं पाणी उताराने गावात आणणारा बोगदा. वर दिसताहेत ते तिचे उच्छ्वास.’

साबात मात्र अजून बाकी आहे. कोकणात, देशावर, विदर्भात कुठेही दोन घरांमधल्या झाकलेल्या वाटेला काही म्हणत असतील तर लिहा. तुमच्या आजी-आजोबांनाही विचारून बघा.