मदत हवी आहे: मोफत टॅक्स क्लिनिकमध्ये स्वयंसेवक व्हायचं आहे, तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत एच-४ व्हिसावर (इथे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे. कामाचा परवाना अजून नाही. भारतात बी.कॉम. झाल्यावर काही वर्षं एका सीएंच्या ऑफिसात रिटर्न भरायचं काम करत होते, त्यामुळे फॉर्म आणि आकडे यांची भीती नाही. आमच्या जवळच्या कम्युनिटी कॉलेजात दर वर्षी जानेवारीच्या शेवटापासून १५ एप्रिलपर्यंत व्हिटाचं केंद्र चालतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: व्हिटा हा आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, पन्नासहून अधिक वर्षं चालू असलेला उपक्रम आहे. कमी उत्पन्नाचे लोक, अपंग व्यक्ती आणि इंग्रजी नीट न येणारे लोक यांचं रिटर्न प्रशिक्षित स्वयंसेवक फुकट भरून देतात. २०२५ च्या हंगामात उत्पन्नाची मर्यादा साधारण ६७,००० डॉलर होती. आमच्या केंद्रावर आसपासचे रहिवासी येतात आणि कॉलेजचे विद्यार्थीही बरेच येतात.

हे मनात येण्याचं कारण आमच्याच इमारतीत आहे. एक बाई हॉटेलात साफसफाईचं काम करतात, पदरात लहान मुलं. त्या दर वर्षी रस्त्यावरच्या एका दुकानात जाऊन रिटर्न भरतात आणि दुकानदार आपली फी थेट त्यांच्या रिफंडातून कापून घेतो. किती कापली हे त्यांना नीट सांगताही येत नव्हतं. नोकरदार गरीब कुटुंबांसाठी जे अर्न्ड इन्कम क्रेडिट (रिफंड म्हणूनही हातात येणारी करसवलत) असतं, ते २०२४ सालासाठी तीन किंवा जास्त मुलं असलेल्या घराला ७,८३० डॉलरपर्यंत मिळू शकत होतं. अशा घरात ही रक्कम म्हणजे थकलेलं भाडं, गाडीची दुरुस्ती, मुलांचे कपडे. त्यातला मोठा तुकडा चार पानं भरून देण्यासाठी जावा, हे मला बघवत नाही. ते काम मला येतं, शिकताही येईल, आणि माझ्याकडे वेळ आहे.

आता अडचणी.

पहिली, एच-४ वर असं काम चालतं का? पैसे एक छदामही नको आहेत, पण "काम" या शब्दावरूनच घरात काळजी सुरू झाली आहे.

दुसरी, स्वयंसेवकांना जी परीक्षा द्यावी लागते ती बेसिक द्यावी की सरळ ॲडव्हान्स्ड? अभ्यास कशावरून करायचा?

तिसरी आणि खरी: माझ्या हातून चूक झाली तर भोगणार कोण? भारतात साहेब शेवटी सगळं तपासायचे. इथे समोर बसलेल्या माणसाचा रिफंड अडकला किंवा वर्षभराने त्याला नोटीस आली, तर ते मला सहन होणार नाही. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

चौथी, केंद्रावर भारतीय विद्यार्थी खूप येतात म्हणे. त्यांचं रिटर्न वेगळं असतं एवढंच माहीत आहे.

– पाऊलवाट

आकडेमोड:

पाऊलवाट, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. मी बरेच हंगाम एका व्हिटा केंद्रावर आहे, सध्या मुख्यतः तपासणीचं काम करते.

तुमचे साहेब होते तसे इथेही आहेत. प्रत्येक रिटर्न भरणाऱ्याखेरीज दुसऱ्या प्रमाणित स्वयंसेवकाने तपासलंच पाहिजे, आणि तेही ग्राहक समोर बसलेला असताना. त्यानंतरच सही होते. केंद्र त्याशिवाय पाठवूच शकत नाही. कायद्याने रिटर्नची जबाबदारी सही करणाऱ्या करदात्याचीच राहते आणि हे त्याला सांगायचंही असतं. स्वयंसेवकाला १९९७ च्या व्हॉलंटियर प्रोटेक्शन ॲक्टचं संरक्षण आहे: नेमून दिलेलं काम प्रामाणिकपणे करताना झालेल्या चुकीसाठी तुम्हाला कोर्टात खेचता येत नाही. जाणूनबुजून केलेल्या किंवा घोर निष्काळजीपणाच्या चुकीला मात्र ते लागू नाही. तुम्हाला स्वतःचा पीटीआयएन (पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्यांना लागणारा आयआरएसचा क्रमांक) काढावा लागत नाही, रिटर्नवर केंद्राचा क्रमांक जातो.

पण संरक्षण आहे म्हणून निश्चिंत व्हा, असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे ज्या चुका सापडतात त्या बेरजेच्या नसतातच. बेरीज सॉफ्टवेअर करतं. चूक मुलाखतीत होते. म्हणून १३६१४-सी हा ग्राहकाच्या माहितीचा फॉर्म तुमच्या अभ्यासाचा गाभा समजा. ग्राहक तो भरून आणतो, आणि तुम्ही त्यातली प्रत्येक ओळ त्याच्याशी बोलून पक्की करायची असते. भरून आणलाय म्हणून पुढे जायचं नाही.

एक नमुना देते. बाई येतात, "सिंगल" वर खूण केलेली असते, एक मूल आहे. नवऱ्याबद्दल विचारलं की म्हणतात, तो गेला सोडून. आता तुम्हाला विचारायलाच हवं: ३१ डिसेंबरला तुम्ही कायद्याने विवाहित होता का? वर्षाचे शेवटचे सहा महिने तो या घरात राहिला होता का? मूल निम्म्याहून जास्त वर्ष तुमच्याकडेच होतं का? भाडं, वीज, किराणा यांचा निम्म्याहून जास्त खर्च कुणी केला? या उत्तरांवर हेड ऑफ हाउसहोल्ड (एकटीने घर चालवणारी) ठरतं की मॅरीड फाइलिंग सेपरेटली (विवाहित, पण रिटर्न वेगळं), आणि त्यावर हजारो डॉलर इकडचे तिकडे होतात. घटस्फोट झाला नसूनही बाई स्वतःला सिंगल म्हणतात यात खोटेपणा नसतो. त्यांच्या दृष्टीने त्या एकट्याच आहेत. असे प्रश्न हळुवारपणे विचारणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. आवाज खाली ठेवा, शेजारच्या टेबलावर ऐकू जाता कामा नये, आणि का विचारताय ते आधी सांगा. "हे विचारलं नाही तर तुमचे पैसे अडकू शकतात" एवढं म्हटलं की बहुतेक जण मोकळेपणाने बोलतात.

दुसरा नेहमीचा प्रकार विद्यार्थ्यांचा. कॉलेजातला मुलगा उन्हाळ्यात कमावलेल्या थोड्या पैशांचा रिफंड लवकर मिळावा म्हणून फेब्रुवारीतच येतो. "तुला कुणी डिपेंडंट (आश्रित) म्हणून दाखवू शकतं का" या प्रश्नाला तो सहज "नाही" म्हणतो. पुढे आईवडिलांचं रिटर्न त्याच्या नावापाशी अडून परत येऊ शकतं. प्रश्न "दाखवणार आहेत का" असा नसून "दाखवू शकतात का" असा आहे. त्याला तिथूनच घरी फोन लावायला सांगा.

परीक्षेबद्दल: आचारसंहितेची परीक्षा आणि मुलाखत-तपासणीची परीक्षा रिटर्न भरणाऱ्याला द्यावीच लागते, मग बेसिक किंवा ॲडव्हान्स्ड. ८० टक्के लागतात, दोन संधी मिळतात, पुस्तक उघडून सोडवायची असते. तुमची पार्श्वभूमी बघता ॲडव्हान्स्डच द्या. ती झाली की बेसिक वेगळी द्यावी लागत नाही. आयआरएसचं प्रकाशन ४०१२ छापून जवळ ठेवा, खुणेच्या चिठ्ठ्या लावून. त्यातले निर्णयतक्ते हंगामभर लागतात. ४४९१ शिकण्यासाठी आणि ६७४४ सरावासाठी. सरावाचं सॉफ्टवेअरही मिळतं, त्यात खोटी रिटर्नं भरून बघा.

मधली_सुट्टी:

व्हिसाबद्दल. मी वकील नाही, पण मी स्वतः एच-४ वर असताना हे केलेलं आहे. सर्वसाधारण कसोटी अशी की काम खरंच विनामोबदला हवं, धर्मादाय स्वरूपाच्या संस्थेसाठी हवं, आणि एरवी पगार देऊन माणूस ठेवतात अशा जागेवर तुम्ही फुकट बसलेल्या नसाव्यात. व्हिटाचा स्वयंसेवक यात नीट बसतो. काळजी घ्यायची ती एवढीच की काही संस्था हंगामाच्या शेवटी मानधन किंवा गिफ्ट कार्ड देतात. ते नको, असं पहिल्याच मेलमध्ये लिहून ठेवा. काही केंद्रांवर समन्वयकाची जागा पगारी असते, त्या कामात हात घालू नका. आणि नवऱ्याच्या कंपनीचे इमिग्रेशन वकील असतील तर त्यांच्याकडून एका ओळीत लेखी उत्तर घ्या. घरातली काळजी त्याने मिटते.

ग्राहकाकडून तर काहीच घेता येत नाही, टिपसुद्धा नाही. एका आजोबांनी टेबलावर नोट ठेवली तेव्हा परत देताना मला फार जड गेलं, पण नियम योग्यच आहे.

रिटर्न भरायचा धीर होईपर्यंत स्वागताच्या टेबलावर किंवा दुभाषी म्हणूनही बसता येतं. हिंदी-गुजराती बोलणारे ज्येष्ठ लोक आमच्याकडे येत, त्यांना आपल्या भाषेत कुणी भेटलं की कागदांची पिशवी लगेच उघडत. लोकांना यायच्या आधी सांगायचं मुख्य काम तिथेच होतं: घरातल्या प्रत्येकाचं सोशल सिक्युरिटी कार्ड, फोटो ओळखपत्र, सगळे डब्ल्यू-२ आणि १०९९ (पगाराचे आणि इतर उत्पन्नाचे दाखले), आणि रिटर्न एकत्र असेल तर नवरा-बायको दोघंही हजर.

पाऊलवाट:

दोघांचेही मनापासून आभार. मुलाखतीचं जे लिहिलंत ते मी वहीत उतरवून घेतलं आहे.

एक उपप्रश्न. समजा कुणी म्हणालं, "शनिवार-रविवारी लोकांची घरं साफ करते, ते पैसे रोख मिळतात, ते नको दाखवूस." तेव्हा काय करायचं? गरीब माणसाला दुखवायचं नाही, पण खोटंही लिहायचं नाही.

आकडेमोड:

एकदा तुमच्या कानावर आलं की ते वगळून रिटर्न भरता येत नाही. आचारसंहितेत हे स्पष्ट आहे. तरी लगेच नाही म्हणू नका, आधी समजावून सांगा. अशा कामातून खर्च वजा जाता वर्षाला ४०० डॉलर किंवा जास्त उरले तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा (सरकारी पेन्शन आणि ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याचा) कर लागतो हे खरं. पण हेच उत्पन्न त्यांच्या पुढच्या पेन्शनच्या खात्यात मोजलं जातं, साबण-पेट्रोलचा खर्च वजा करता येतो, आणि उत्पन्न फारच कमी असेल तर दाखवल्याने अर्न्ड इन्कम क्रेडिट वाढूही शकतं. दोन्ही आकडे त्यांना स्क्रीनवर दाखवा. तरीही नको म्हणाल्या तर समन्वयकाला बोलवा. रिटर्न नाकारायचा अधिकार तुम्हाला आहे आणि तो वापरताना अपराधी वाटून घेऊ नका. उलट बाजूही सांगते: तुम्ही तपास अधिकारी नाही. माहितीत विसंगती दिसत नसेल तर ग्राहकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो, पावत्या मागत बसायचं नसतं.

वहीचं_शेवटचं_पान:

विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला उत्तर राहिलं आहे, ते मी देतो. मी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असताना विद्यापीठाच्या केंद्रावर हेच करायचो.

एफ-१ चा विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं करापुरता बहुधा अनिवासीच असतो, कारण निवासी ठरवायला इथले जे दिवस मोजतात ते त्याचे मोजतच नाहीत. वर्षाचा एखादा भागही पूर्ण वर्ष धरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदा आलेल्या मुलीसाठी २०२१ ते २०२५ ही पाच वर्षं झाली. २०२६ पासून तिचे दिवस मोजायला लागतात. आधी कधी विद्यार्थी व्हिसावर राहून गेली असेल तर तीही वर्षं धरायची, म्हणून आधीच्या सगळ्या व्हिसांबद्दल विचारा. अनिवासी असेल तर फॉर्म १०४०-एनआर (अनिवाशांचं रिटर्न), आणि सोबत ८८४३ (दिवस का मोजायचे नाहीत ते सांगणारा). एक पैसाही कमावला नसला तरी ८८४३ पाठवायचाच असतो, तेव्हा त्याची मुदत १५ जून.

आपल्या मुलांच्या फायद्याची गोष्ट म्हणजे भारत-अमेरिका कर कराराचं कलम २१(२). अनिवाशांना स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) एरवी मिळत नाही, भारतीय विद्यार्थ्यांना या कलमामुळे मिळतं. २०२४ साठी ते १४,६०० डॉलर होतं. कॅम्पसवर तुटपुंजं कमावणाऱ्या मुलाचा फेडरल कर बहुधा यातच शून्य होतो. हे माहीत नसलेला स्वयंसेवक नकळत त्याचं नुकसान करतो.

उलट प्रकार जास्त दिसतो. मुलं बाजारातल्या साध्या सॉफ्टवेअरवर निवासी म्हणून १०४० हा फॉर्म भरतात आणि १०९८-टी (कॉलेजने दिलेला फीचा दाखला) हातात आहे म्हणून शिक्षणाचं क्रेडिट घेऊन मोकळी होतात. अनिवाशाला ते मिळत नाही. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या किंवा ग्रीन कार्डच्या वेळी धाबं दणाणतं. कुणी असं भरलेलं सांगितलं तर १०४०-एक्स या फॉर्मने दुरुस्त करता येतं, वेळेत केलं की प्रकरण साधं असतं. मुलांना ओरडू नका, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पगारातून सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कापलं असेल तर तेही बघा. अनिवासी एफ-१ ला ते लागत नाही. आधी मालकाकडे परत मागायचं, तिथे नाही मिळालं तर आयआरएसकडे फॉर्म ८४३ आणि ८३१६.

मात्र यासाठी फॉरेन स्टुडंटची वेगळी परीक्षा आहे. ती दिलेली नसेल तर अशा रिटर्नला हात लावता येत नाही, आणि बऱ्याच केंद्रांवर ती दिलेलं कुणीच नसतं. तुम्ही ती दिलीत तर केंद्राला तुमची खरी गरज लागेल. आणखी एक: नोकरी लागून निवासी झालेले काही जण भारतातले म्युच्युअल फंड घेऊन येतात. त्याचा फॉर्म ८६२१ व्हिटाच्या कक्षेबाहेर आहे, त्यांना जाणकार सल्लागाराकडे पाठवावं लागतं.

पाऊलवाट:

फार मोठी मदत झाली. ॲडव्हान्स्ड आणि फॉरेन स्टुडंट, दोन्ही परीक्षा द्यायच्या ठरवलं आहे. कॉलेजच्या समन्वयकांना आज मेल लिहिला, त्यात मानधन नको आणि सुरुवातीला अनुभवी व्यक्तीशेजारी बसायचं आहे, हे दोन्ही लिहिलं. वकिलांनाही नवऱ्यामार्फत विचारलं आहे.

इमारतीतल्या त्या बाईंना या वर्षी दुकानात जाण्याआधी माझ्याशी बोलायला सांगितलंय. वहीचं_शेवटचं_पान, राज्याच्या रिटर्नमध्ये कराराचं कलम चालतं का? आमच्या राज्यात आयकर आहे आणि तिथले नियम वेगळे असल्याचं ऐकलंय.

वहीचं_शेवटचं_पान:

राज्यागणिक वेगळं. काही राज्यं करार मानतात, काही मानत नाहीत. कॅलिफोर्निया मानत नाही. तुमच्या राज्याच्या महसूल खात्याच्या अनिवासी फॉर्मची सूचना-पुस्तिका डाउनलोड करा आणि त्यात "करार" कुठे येतो ते शोधा. राज्याचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवा, आपण दोघं मिळून बघू.