मदत हवी आहे: नेटवर्क मॅनेजर काढला तर ग्नोम राहील का?

नमस्कार मंडळी. घरच्या पीसीवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि ग्नोम हा डेस्कटॉप आहे. वायफाय नाही, राउटरपासून एक केबल, स्थिर (न बदलणारा) आयपी पत्ता, नेटवर्कची सगळी मांडणी इंटरफेसेस नावाच्या सेटिंग-फाइलमध्ये. त्या फाइलीत लिहिलेल्या नेटवर्क कार्डाला नेटवर्क मॅनेजर (जोडण्या आपोआप सांभाळणारा प्रोग्राम) एरवीही हात लावत नाही. म्हणून तो काढायला गेलो, तर सोबत ग्नोमचं मेटापॅकेजही (ग्नोमचे सगळे भाग एकत्र बसवणारं नाममात्र पॅकेज) जाईल असं एप्ट, म्हणजे पॅकेजं बसवणारं-काढणारं साधन, सांगतंय. लॅपटॉपला तो हवाच, पण एका केबलवरच्या पीसीला सक्ती कशासाठी? २०१२ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीपुढेही हाच वाद गेला होता.

मेटापॅकेज गेलं तरी ग्नोम शेल, म्हणजे प्रत्यक्ष डेस्कटॉप, राहील ना? नंतर ऑटोरिमूव्ह (आता कुणाला न लागणारी पॅकेजं काढणारी एप्टची आज्ञा) चालवलं तर काय काय जाईल? की नेटवर्क मॅनेजर न काढता सिस्टीमसीटीएल या आज्ञेने त्याची सेवा नुसती मास्क करून (सुरूच होणार नाही अशी) ठेवू? रोजच्या कामाचा पीसी आहे, त्यामुळे स्वतः करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.