हयातीचा दाखला (घरातल्या म्हाताऱ्यांचे आणि स्वतःचे अनुभव लिहा)

रानजाई:
नोव्हेंबर उजाडला की जिवंत असल्याचा दाखला द्यायला बँकेत पेन्शनरांची गर्दी. काल पासबुक भरायला गेले होते, पुढे एक आजी. सोबत आलेल्या मुलाला म्हणाल्या, "तू गाडीपाशी थांब, सही माझी आहे." मला एकदम आमची आत्या आठवली.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती, इस्लामपूरकडे. हयातीच्या यादीवर सही करायची म्हणजे तिचा सणच. इस्त्रीची साडी, अबोलीचा गजरा, पर्समध्ये स्वतःचं पेन. बँकेतलं दोऱ्याला बांधलेलं पेन बघून तिला राग यायचा. सही झाली की स्टँडसमोर मिसळ, एकटीच. 2014 मध्ये जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला आला, पुढे मोबाइलला चेहरा दाखवूनही काम व्हायला लागलं. आतेभाऊ हौसेनं म्हणाला, घरबसल्या करून देतो. आत्यानं अबोलाच धरला. मग म्हणाली, "मी जिवंत आहे हे तू कशाला सांगतोस? माझं मी जाऊन सांगते."

तुमच्याकडे काय चाललंय? ज्यांचं स्वतःचंच वय झालंय त्यांनीही लिहा.

चकलीचा_साचा:
मिसळ एकटीनं!! आत्या आवडली. कुठली हो मिसळ?

माणदेशी_गडी:
आमचे अण्णा. पंचाहत्तरी झाल्यापासून एसटी फुकट (2022 ला अमृत ज्येष्ठ योजना आली ती), तेव्हापासून माणूस घरात सापडत नाही. पखवाज वाजवतात. आज म्हसवड, उद्या गोंदवले, जिथं भजन तिथं अण्णा. मी गाडी घेतली, म्हटलं सोडतो. तर म्हणे, "तुझ्या गाडीत बसलो की दर तासाला विचारतोस कधी निघायचं. कंडक्टर विचारत नाही." आता काय बोलणार. खिशात आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर.

कोलमकर:
आमच्यात बाबा फुकट आणि आई 73, म्हणजे अर्धं तिकीट. बाबा प्रत्येक प्रवासात ऐकवतात, तुझ्यामुळे खर्च वाढतो 😂

सावंतवाडीकर:
सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच हां. आमची काकी पणजीला लेकीकडे जाते, बांद्यापर्यंत फुकट, पुढचे पैसे मोजून हातात धरून बसते. रेल्वेची सवलत 2020 च्या मार्चात बंद केली ती केलीच. कोकण रेल्वेनं म्हातारी माणसं काय कमी जातात?

जुनी_अकरावी:
नमस्कार. वय 71, डोंबिवली. एका बोटाने टाइप करते, चुका पोटात घाला. मिस्टर गेल्यावर मुलगा म्हणाला कॅनडाला चल. जाऊन आले. घर छान, सून गुणी, पण मला दिवसभर कोणी काही सांगतच नव्हते. आई तुम्ही बसा. बसून बसून पाय सुजले. परत आले.

शेजारच्या मुलीमुळे समजले की अंध मुलांना परीक्षेला लेखनिक लागतात. आपला लेखनिक आपणच आणायचा तर त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी हवे, नाहीतर तो स्वतःच उत्तरे लिहील. माझे शिक्षण जुनी अकरावी, आयुष्यभर लाज वाटली त्याची. इथे तेच उपयोगी पडले. बीएच्या एका मुलीचे पेपर लिहिते. ती सांगते, मी लिहिते. एकदा तिने पानिपताचे साल चुकीचे सांगितले, 1761 माझ्या ओठांवर आले होते हो! पण जे सांगेल तेच लिहायचे. बाहेर आल्यावर तिला सांगितले तर हसली. सराव म्हणून रोज संध्याकाळी फोनवर तिला धडे वाचून दाखवते. त्यामुळे सिरीयल सुटली.

रानजाई:
काकू काय सुंदर लिहिलंत. सलग लिहा ना यावर.

जुनी_अकरावी:
गॅसवर वरण आहे, नंतर.

नाव_नको:
सगळं छान आहे पण ज्यांना जमत नाही त्यांचं काय? माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. स्वावलंबन वगैरे शब्द मला तेव्हा टोचायचे. कामाला मावशी ठेवल्या, त्या इतक्या चांगल्या की घास भरवण्यापासून सगळं करायच्या, आणि बाबा बोलायचेच बंद झाले. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं मावशींना दम दिला, आजोबांना करू द्या, सांडू द्या. आता डाव्या हातानं मेथी निवडतात. तासभर लागतो, अर्ध्या काड्या भाजीत येतात. आम्ही खातो. परवा मावशींनी गुपचूप परत निवडायला घेतली तर असे ओरडले! आजारपणानंतर पहिल्यांदा शिवी ऐकली त्यांच्या तोंडून, आई रडायला लागली आनंदानं.

चकलीचा_साचा:
🙏 काड्यांसकट मेथी झिंदाबाद.

कोलमकर:
काळजी घ्या. तुम्ही पण झोपा जरा.

वकिलीण:
विषय सोडून आहे पण लिहितेच. हात धडधाकट असून घर नावावर नसेल तर सगळं फुकट. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांनी प्रेमापोटी फ्लॅट मुलाला बक्षीसपत्र करून दिला, आता त्याच फ्लॅटमध्ये पंखा लावायला विचारावं लागतं. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे. कलम 23 खाली असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण 'सांभाळ करीन' ही अट त्यात लिहिलेली असली तर काम सोपं जातं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे. या कायद्यातली पोटगीही महिना 10,000 च्या वर नाही. म्हणून अशिलांना सांगते, द्यायचंच तर मृत्युपत्रानं द्या, हयातीत चावी आपल्या कनवटीला.

माणदेशी_गडी:
वकीलबाई, आमच्याकडे अण्णांनी सातबारा मागितला परवा. तुमचं वाचूनच की काय 😅

मुरबाडची_सून:
आमच्या तालुक्यात फांगण्याला आजीबाईंची शाळा आहे, 2016 च्या महिला दिनाला सुरू झाली. गुलाबी नऊवारी हाच गणवेश. दुपारची भरते, सकाळी त्यांना कामं असतात ना. टीव्हीवाले जातात ते दप्तर घेतलेल्या आज्या दाखवायला, गोड गोड. पण अंगठ्याच्या जागी सही येणं ही काय गंमत आहे होय? माझ्या सासूबाई (वेगळ्या गावच्या) मात्र म्हणतात, "मला नको बाई शाळा, मला माझ्या कोंबड्या बऱ्या." अंड्यांचे पैसे कुणाला दाखवत नाहीत. नातवाच्या सायकलला मात्र पटकन काढून दिले.

सावंतवाडीकर:
कोंबडी गावठी? अंडं केवढ्याला देतात?

मुरबाडची_सून:
तुम्हाला सांगितलं तर सासूबाई मला घरात घेणार नाहीत.

निवृत्त_फिटर:
मी 66. गिरणगावात वाढलो. रिटायर झाल्यावर सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघात गेलो. हास्यक्लब, वाढदिवस, व्याख्यान, परत वाढदिवस. पटलं नाही. आता पाने घेऊन फिरतो, बिल्डिंगमधले गळके नळ दुरुस्त करतो. पैसे घेतो. फुकट केलं की लोक चहा पाजतात आणि नळाची किंमत करत नाहीत. बायको म्हणते शोभत नाही.

चकलीचा_साचा:
काका कुठे राहता? आमचा बेसिनचा नळ गेले कित्येक दिवस टपटपतोय, प्लंबर येतो येतो म्हणतो.

निवृत्त_फिटर:
भांडुप. वायसर गेला असेल. आधी मेन कॉक बंद करून बघा, मग सांगा.

जुनी_अकरावी:
वरण झाले. माझाही स्वयंपाकघरातला गळतो. डोंबिवलीला याल का? जाण्यायेण्याचे वेगळे देईन.

निवृत्त_फिटर:
रविवारी मेगाब्लॉक. सोमवारी येतो, अकराच्या पुढे.