थंडीत एकाच बोटाला एवढं का झोंबतं?

कात्रजकर: २ वर्षांपूर्वी काचेने बोट कापलं, नस (रक्ताची नाही, मज्जातंतू) पण तुटली होती. जखम कधीच भरली पण आता डिसेंबरात पहाटे सिंहगडला गाडीवर निघालो की बाकीची बोटं नुसती गार पडतात आणि हे एकच असं ठणकतं की ब्रेक दाबवत नाही. असं का?

न्यूरोवाला: तुझ्या बाबतीत नेमकं काय ते डॉक्टरच सांगतील, पण असं होऊ शकतं. गारव्याचा सेन्सर म्हणजे मज्जातंतूच्या पेशीवरचं एक दार, टीआरपीएमएट चॅनल, साधारण २५ अंशांच्या खाली उघडतो, पुदिन्याच्या मेन्थॉलने पण उघडतो. त्याच पेशीत पोटॅशियम चॅनल असतात, ते पोटॅशियम बाहेर सोडून पेशीला शांत ठेवतात, म्हणजे ब्रेकच समज. उंदरांमध्ये दिसलंय की नस दुखावली की केव्ही१ जातीचा हा ब्रेक ढिला पडतो, मग एरवी गप्प बसणाऱ्या पेशी पण थोड्याशा गारव्याने बोंबलायला लागतात.

मावशी_पेठेतली: म्हणजे सेन्सर बिघडलेला नसतो, ब्रेक गेलेला असतो होय!

न्यूरोवाला: बरोब्बर. ट्रेक-१ आणि ट्राक नावाचे अजून दोन पोटॅशियम चॅनल आहेत, ते काढून टाकलेल्या उंदरांना उष्णता जास्त चटका देते. आणि शेचुआन मिरीने जीभ झिणझिणते ना, त्यातला सॅन्शूल असलेच काही चॅनल बंद करतो.

मावशी_पेठेतली: आमच्या बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ त्याच कुळातलं की! कात्रजकर, हातमोजे घाल आधी.

कात्रजकर: घातलेत हो मावशी, लोकरीचे, वारा आरपार जातो :(