लग्नाच्या ऑर्केस्ट्राला पाच तारी बेस गिटार कशाला?

चारतारी_जळगाव:
स्पष्ट बोलतो, शिव्या घालायच्या तर घाला. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात हल्ली जो तो पाच तारी बेस घेऊन येतो. परवा धरणगावकडे एका हळदीत नव्या पोराने खालची बी तार (सगळ्यात जाड, खर्जाची) मोकळी सोडली, तर सूर कळलाच नाही, वरचा पत्रा तेवढा थरथरला. चार तारीची सगळ्यात खालची तार ई, 41 हर्ट्झ, पाच तारीची बी 31. भाड्याच्या सिस्टिमचे सब (खर्जाचे स्पीकर) चाळिशीच्या खाली धापा टाकतात. जे ऐकूच जात नाही ते वाजवायचं कशाला? फेंडर या गिटार कंपनीने 1951 मध्ये चार तारांचा दिला, त्यात एवढी वर्षं भागलंच की.

खर्ज_धुळे:
पत्र्याचा राग तारेवर काय काढता भो. 31 नाही पोचला तरी त्याचे वरचे हार्मोनिक (त्याच्या पटीतले सूर) पोचतात, 62, 93 वगैरे, आणि कान त्यावरून खालचा सूर आपोआप धरतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर बेस कळतो तो असाच.

मुद्दा पट्टीचा आहे. आमचा गायक काळी एक (सी शार्प) मध्ये गातो. चार तारीवर त्याचा सगळ्यात खालचा सा कुठे? ए तारेवर चौथ्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्टीला), 69 हर्ट्झ. गाणं समेवर येऊन बसायला हवं तिथे बेस वरच लटकलेला. मला तोच सा बी तारेवर दुसऱ्या फ्रेटला मिळतो, पूर्ण एक सप्तक खाली. आणि हे नवं फॅडही नाही. अमेरिकन बेसवादक अँथनी जॅक्सनने 1975 मध्येच सहा तारी बनवून घेतला होता.

चारतारी_जळगाव:
जॅक्सन हळदीत वाजवत नव्हता. पट्टी खाली आली तर ई उतरवून सी शार्प करायची. दोन मिनिटांचं काम.

तापीकाठ:
ती दोन मिनिटं चोपड्याला मी भोगलीत. ई तीन अर्ध्या सुरांनी उतरवली की ताण जवळपास 30 टक्के कमी होतो. तार लोंबायला लागली, जोरात छेडली की फ्रेटवर खडखड. पुढचं गाणं पांढरी पाच मध्ये, परत चढवा. निवेदकाचे विनोद संपले तरी मी ट्यूनरकडेच बघतोय.

मधला मार्ग सांगतो. पाच तारीच्या सेटमधल्या खालच्या चार तारा चार तारीवर चढवा: बी, ई, ए, डी. बी ची तार 0.130 इंच असते, ती ई च्या खाचेत बसत नाही, नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) थोडा कानसावा लागतो. वरची 'जी' तार जाते, पण हळदीत तिच्यावाचून कोणाचं अडतंय?

साउंडवाला_भुसावळ:
मिक्सरमागे उभा राहतो म्हणून बोलतो. बी तारेने माझं काही बिघडत नाही. मी 30 च्या खालचं कापतो, 80 च्या आसपास किकला (पायाने वाजवायच्या ड्रमला) जागा देतो, निभतं. बिघडतं ते पोरं बी सलग मोकळी वाजवत बसतात तेव्हा. अंगठ्याने दाबायला शिका आधी. तार वाजवण्याइतकंच तिला गप्प करणं महत्त्वाचं.

खर्ज_धुळे:
हे मात्र मान्य. पहिले सहा महिने माझाही नुसता गोंगाट होता.

चारतारी_जळगाव:
नटला कानस कोणती लावता? एक जुना बेस पडलाय घरी, तो कापून बघतो. हळदीत नेणार नाही, सांगून ठेवतो.